कॅडमधील पॅरामीटर म्हणजे काय? एक माप बदलले की बाकीची मापे आपोआप कशी बदलतात?

धान आणि राइस मिल ही गोंदिया जिल्ह्याची ओळख. मिलमध्ये धान साठवून खाली सोडण्यासाठी पत्र्याचा हॉपर लागतो: वर रुंद, खाली निमुळता. कॅडमधील पॅरामीटर समजून घ्यायला हे उदाहरण सोयीचे आहे.

पॅरामीटर म्हणजे काय?
मापाला दिलेले नाव. नुसते '१२००' न लिहिता 'वरची_रुंदी = १२०० मिमी' असे लिहायचे. मग इतर मापे या नावावरून समीकरणाने काढता येतात.

समीकरण कसे असते?
चौकोनी हॉपरच्या उतरत्या भागासाठी:
उंची = (वरची_रुंदी − तोंडाची_रुंदी) ÷ २ × टॅन(उतार)
वरची रुंदी १२००, तोंड २०० आणि उतार ५५ अंश असेल, तर उंची सुमारे ७१४ मिमी येते. रुंदी १५०० केली की उंची आपोआप ९२८ मिमी होते.

मापे जोडली नाहीत तर?
रुंदी १५०० झाली, पण उंची ७१४ च राहिली, तर भिंतीचा उतार ५५ वरून सुमारे ४८ अंशांवर येतो. दोन भिंती मिळतात त्या कोपऱ्यात उतार आणखी कमी असतो. तिथे तो ४५ वरून ३८ अंशांवर घसरतो. ओल्या धानाला सरकायला जास्त उतार लागतो, त्यामुळे ते कोपऱ्यात अडकून राहू शकते. चूक कळेपर्यंत पत्रा कापून वेल्डिंगही झालेले असते.

ही सोय कुठे मिळते?
मोफत असलेल्या फ्रीकॅडमध्ये स्प्रेडशीटच्या खान्याला नाव देऊन ते मापाला जोडता येते. सॉलिडवर्क्समध्ये 'इक्वेशन्स', तर फ्यूजनमध्ये 'चेंज पॅरामीटर्स' हा पर्याय आहे. आकारांना नियमांनी बांधण्याची कल्पना मात्र जुनी आहे. आयव्हन सदरलँड यांनी १९६३ मध्ये एमआयटीत मांडलेल्या 'स्केचपॅड'मध्ये ती होती.

काय सांभाळावे?
• नावे अर्थपूर्ण ठेवावीत. 'अ१'पेक्षा 'तोंडाची_रुंदी' बरे.
• मिलिमीटर आणि इंच यांची सरमिसळ टाळावी.
• उंची रुंदीवरून आणि तीच रुंदी पुन्हा उंचीवरून काढू नये. अशा चक्रात सॉफ्टवेअर चूक दाखवते.
• समीकरण फक्त सांगितलेला हिशेब करते. नवा हॉपर जागेत बसतो का, पत्र्याला वजन पेलते का, हे वेगळे तपासावे लागते.