तुझा पॅटर्न काय?

भंडारा-गोंदियाकडे सोयरीक जुळवताना काही घरांत आता हळूच विचारतात, "पोराचा पॅटर्न काय आहे जी?" बाहेरच्याला वाटेल शर्टाबद्दल चाललंय. विचारायचं असतं ते रक्ताबद्दल: एए, एएस की एसएस. एए म्हणजे काहीच नाही, एएस म्हणजे वाहक, एसएस म्हणजे सिकलसेलचा रुग्ण. माझा मावसभाऊ एसएस आहे. त्याच्यामुळेच मी हा इतिहास वाचायला लागलो.

तांबडी पेशी फार अजब वस्तू आहे. रुंदी मिलिमीटरच्या सव्वाशेव्या भागाएवढी. अस्थिमज्जेतून बाहेर पडताना ती आपलं केंद्रक टाकून देते, ऊर्जा तयार करणारी मायटोकाँड्रियाही टाकते. उरलेल्या जागेत हिमोग्लोबिनचे सुमारे २७ कोटी रेणू भरलेले असतात. शरीरभर ऑक्सिजन वाहायचा, पण स्वतः वापरायचा नाही, असा तिचा हिशोब. स्वतःपेक्षा अरुंद केशवाहिनीतून ती अंग मुडपून निघते आणि असं साधारण १२० दिवस करते.

हिमोग्लोबिनमध्ये बीटा नावाची साखळी असते, १४६ अमिनो आम्लांची. त्यातलं सहावं ग्लुटामिक आम्ल. तिथे व्हॅलिन आलं, एवढाच एसएसमधला फरक. डीएनएमध्ये बदललेलं अक्षर तर एकच. पण ऑक्सिजन सोडला की हे रेणू एकमेकांना चिकटतात, त्यांचे ताठ दोरे होतात आणि गोल पेशी विळ्यासारखी वाकडी होते. मग ती केशवाहिनीत अडकते. मागे रक्त तुंबतं, हाडं ठणकायला लागतात. अशी पेशी १०-२० दिवसांतच मरते, म्हणून रक्त कायम कमी. पाणी कमी पडलं, थंडी लागली, ताप आला, अंगमेहनत जास्त झाली की हे सगळं वाढतं. आता रोवणीचे दिवस डोळ्यांसमोर आणा: बांधीतल्या चिखलात दिवसभर वाकून, वरून पाऊस. मावसभाऊ एकदाच रोवणीला गेला. त्यानंतर आठ दिवस त्याला उठता आलं नाही.

या पेशीचं पहिलं वर्णन छापलं शिकागोच्या जेम्स हेरिक यांनी, १९१० मध्ये. रुग्ण होता ग्रेनाडा बेटावरून दंतवैद्यक शिकायला आलेला वॉल्टर क्लेमेंट नोएल. १९४९ मध्ये लिनस पॉलिंग आणि सहकाऱ्यांनी दाखवलं की दोष रेणूतच आहे. एखाद्या आजाराचं मूळ रेणूत सापडण्याची ही पहिलीच वेळ. पुढे व्हर्नन इनग्रॅम यांनी नेमकं बदललेलं अमिनो आम्ल शोधलं. भारतात ही पेशी १९५२ मध्ये निलगिरीच्या आदिवासींत सापडली. आपल्याकडची नोंद नागपूरच्या शुक्ला आणि सोळंकी यांची, १९५८ च्या 'लॅन्सेट'मधली. म्हणजे आमच्या आज्यांच्या तरुणपणापर्यंत या दुखण्याला इकडे नावच नव्हतं. पोर सारखं आजारी, पिवळं पडतं, वाढत नाही, एवढंच.

आमच्याकडेच का? उत्तर डासात आहे. पूर्व विदर्भात जंगल, साचलेलं पाणी, धान आणि जुना मलेरिया. एएस माणसाच्या पेशीत मलेरियाचा जंतू शिरला की ती पेशी वाकते आणि प्लीहा तिला जंतूसकट मोडीत काढते. त्यामुळे एएस मुलं मलेरियातून जास्त वाचली, मोठी झाली, त्यांना मुलं झाली. कोहळी समाजाने बांधलेल्या मामा तलावांवर आम्ही अभिमानाने बोलतो (बोलायलाच हवं), पण हा जनुक त्या तलावांपेक्षा कितीतरी जुना आहे.

मला राग येतो तो पुढच्या गोष्टीचा. पाहण्या बहुतेक जातीनिहाय झाल्या आणि लोकांनी तो 'त्यांचा आजार' ठरवून टाकला. हा जनुक इथे दलितांत आहे, आदिवासींत आहे, कुणबी-तेल्यांतही आहे. डास जात विचारून चावत नव्हता. 'आमच्यात नसतो' म्हणणारी घरं तपासणी टाळतात. दोन एएस एकत्र आले तर प्रत्येक गर्भधारणेत एसएस मूल होण्याची शक्यता २५ टक्के. पॅटर्न विचारणं म्हणूनच बरोबर आहे. पण त्याचा उपयोग पोरगी नाकारायला होतो, आणि तोही बहुतेकदा मुलाची तपासणी न करताच. एएस आणि एए यांच्या लग्नात तर एसएस मूल होतच नाही.

आईच्या पोटात असताना आपलं हिमोग्लोबिन वेगळं असतं, त्यात बीटा साखळीच नसते. जन्मानंतर पेशी ते बनवणं जवळपास थांबवते. हायड्रॉक्सीयुरियाची गोळी ते जुनं हिमोग्लोबिन पुन्हा थोडं वाढवते. २०२३ च्या शेवटी ब्रिटन आणि अमेरिकेने मान्यता दिलेला जनुक-संपादनाचा उपचार याच बंद खटक्यावर काम करतो. अमेरिकेत त्याची किंमत २२ लाख डॉलर. त्याच वर्षी जुलैत भारताने २०४७ पर्यंत सिकलसेल संपवण्याचं अभियान मध्य प्रदेशातल्या शहडोलहून सुरू केलं.

मावसभाऊ सध्या गोळीवर आहे. पाण्याची बाटली सतत जवळ, हिवाळ्यात दोन स्वेटर. त्याला मुली पाहणं चालू आहे आणि पॅटर्नचा प्रश्न आधी तोच विचारतो, स्वतःचा सांगून.