पिटातल्या तिकिटाचे नायक

माझे वडील परळच्या एका गिरणीत साचे चालवायचे. पगार हाती आला की त्यांचा पहिला खर्च ठरलेला, पिटातलं तिकीट. सिनेमा कोणता? ज्यात मास्टर भगवान असतील तो. १९४० च्या दशकातले हे दिवस ते इतक्यांदा सांगत, की ते सिनेमे आपणच पाहिलेत असं मला लहानपणी वाटायचं.

आज भगवानदादा म्हटलं की १९५१ चा 'अलबेला' आणि त्यांचं ते संथ डुलत नाचणं आठवतं. पण त्याआधी दहा-बारा वर्षं भगवान आबाजी पालव हे नाव स्टंटपटांचं होतं. ते स्वतः गिरणी कामगाराचे चिरंजीव, कुस्तीचे शौकीन. १९३८ च्या 'बहादुर किसान'चं त्यांनी सहदिग्दर्शन केलं आणि पुढे कमी भांडवलातल्या मारधाडपटांचा धडाकाच लावला. कपड्यांपासून जेवणापर्यंत सगळी जुळवाजुळव तेच करत. वाट वाडिया बंधूंनी आधीच मळून ठेवली होती. १९३५ च्या 'हंटरवाली'त नादियाबाई हातात चाबूक घेऊन घोड्यावर बसल्या आणि पब्लिक वेडं झालं.

शिकलेली मंडळी मात्र नाकं मुरडत. त्यांचंही खोटं नव्हतं. जुलमी सरदार, बुरखाधारी वीर, शेवटी हाणामारी. गोष्ट तीच ती. मग गिरणगाव त्यावर का फिदा होतं? मला वाटतं, पैसा नव्हता म्हणूनच. पडद्यावरची भिंत पुठ्ठ्याची असेल, पण उडी माणसाची असायची. नादियाबाई तर आपले स्टंट स्वतःच करत. दिवसभर अंगमेहनत करणाऱ्या माणसाला दुसऱ्याच्या अंगमेहनतीची किंमत बरोबर कळते.

निवृत्तीनंतर वडील एकदा म्हणाले, "त्यातला एखादा परत बघायला मिळेल का रे?" मी चौकशी केली, तेव्हा कळलं की भगवानदादांच्या बहुतेक स्टंटपटांच्या प्रती गोरेगावच्या गोदामाला लागलेल्या आगीत गेल्या. त्या काळची नायट्रेटची फिल्म चटकन पेट घेणारी. कितीतरी जुन्या फिल्म तर चांदी काढण्यासाठी विकल्या गेल्या. पुण्यात राष्ट्रीय चित्रपट संग्रहालय सुरू झालं १९६४ मध्ये. तोवर हे 'थिल्लर' सिनेमे जपावेत असं फार कुणाला वाटलं नव्हतं.

घरी येऊन वडिलांना सांगितलं. ते थोडा वेळ गप्प बसले. मग नेहमीचा प्रसंग सांगू लागले. लहानपणी ऐकला तेव्हा नायक झाडावरून घोड्यावर उडी घ्यायचा. या खेपेला त्याने वाड्याच्या गच्चीवरून घेतली. मी दुरुस्ती केली नाही. ताडून पाहायला सिनेमाच उरला नव्हता.

भगवानदादा ४ फेब्रुवारी २००२ रोजी दादरला गेले. त्यांच्याविषयी जे छापून आलं, त्यात बहुतेक 'अलबेला'च होता. माझ्या वडिलांचे मास्टर भगवान त्यात मला फारसे दिसले नाहीत.

म्हणून एक विनंती. तुमच्या माळ्यावर, ट्रंकेत त्या काळातली गाण्यांची चोपडी, एखादं पोस्टर, फाटका फोटो सापडला, तर रद्दीत घालू नका. संग्रहालयाला कळवा. आणि घरात कुणी आजोबा अजून उड्यांच्या गोष्टी सांगत असतील, तर त्या लिहून ठेवा. उंची थोडी वाढलेली असली तरी चालेल.