फसलेल्या वाटेचा इतिहास

लिनक्सच्या ग्राफिक्स ड्रायव्हरचा पॅच तपासायला घेतला की मी फंक्शन खालून वर वाचते. सगळं सुरळीत झालं तर काय, हे कुणीही वाचतं. फसलं तर काय, ते शेवटच्या लेबलांखाली असतं. ही सवय मला या कोडच्या इतिहासानेच लावली.

पूर्वी व्हिडिओ मेमरीचं वाटप बहुतांशी एक्स सर्व्हर बघायचा. ते कर्नलमध्ये आणायला टंग्स्टन ग्राफिक्सने टीटीएम रचलं. इंटेलच्या एरिक अॅनहोल्ट आणि कीथ पॅकार्ड यांना ते आपल्या चिपसाठी अवजड वाटलं, म्हणून त्यांनी जेम लिहिलं. डिसेंबर २००८ मध्ये, २.६.२८ या आवृत्तीत जेम आलं, २००९ मध्ये रेडिऑनच्या नव्या कोडसोबत टीटीएमही आलं. दोन्ही दहा वर्षं शेजारी नांदली. २०१९ मध्ये टीटीएमचा बफर जेमच्याच ऑब्जेक्टवर उभा केला गेला.

एवढं मोठं रिफॅक्टरिंग असो की छोटं, गोची त्या शेवटच्या लेबलांपाशीच होते. ड्रायव्हर आधी मेमरीची पानं घेतो, मग पत्ते नेमतो, मग ते कार्डाच्या टेबलात नोंदवतो. नोंद फसली तर आधी पत्ते सोडायचे, मग पानं. कर्नलमध्ये यासाठी लेबलावर उडी मारणारं गोटू राजरोस वापरतात. वरचा क्रम बदलला आणि खालची लेबलं तशीच राहिली, तर न घेतलेलं सोडलं जातं किंवा घेतलेलं अडकून पडतं.

त्याहून फसवं प्रकरण पॉइंटरचं. जुनं फंक्शन मेमरी संपली की नल द्यायचं. नवं फंक्शन उणे १२ हा एरर कोडच पॉइंटर म्हणून परत देतं. कर्नलने पत्त्यांच्या अगदी शेवटची ४०९५ मूल्यं अशा कोडसाठी ठेवली आहेत. कॉल करणारा मात्र अजून नल आहे का एवढंच बघतो. उणे १२ नल नसतं, त्यामुळे कोड पुढे जातो आणि त्या पत्त्याला हात लावताच कर्नल कोसळतो. कंपायलर चकार शब्द काढत नाही. डॅन कार्पेंटर यांचं स्मॅच आणि जूलिया लॉवॉल यांच्या चमूचं कोक्सिनेल ही कोड तपासणारी साधनं अशा चुका हेरतात, पण सगळ्या नाही.

म्हणून पॅच पाठवणाऱ्यांना माझी विनंती आहे: कोड हलवायचा तो एका पॅचमध्ये, वागणूक बदलायची ती दुसऱ्या. आणि फंक्शन काय परत देतं ते बदललं, तर त्याला कॉल करणारी प्रत्येक जागा उघडून बघा.