डीफॉल्ट गेटवे : सबनेटच्या वेशीचा पत्ता कसा ठरवावा

बेळगावच्या उत्तरेस, पुणे-बंगळूर राष्ट्रीय महामार्गालगत काकती हे गाव आहे. कित्तूरच्या राणी चन्नम्मा यांचे हे जन्मगाव. गावातल्या गावात फिरणाऱ्यास महामार्गाची गरज पडत नाही. मात्र निपाणी, कोल्हापूर किंवा हुबळी गाठायची तर आधी महामार्गावर यावे लागते. संगणकांच्या जाळ्यात हेच काम ‘डीफॉल्ट गेटवे’ करतो. आपल्या जाळ्याबाहेरच्या ज्या पत्त्याची स्वतंत्र वाट संगणकाला ठाऊक नसते, तिकडे जाणारा संदेश तो या एका पत्त्याकडे, म्हणजे राउटरकडे सोपवतो.

एका मोठ्या जाळ्याचे लहान भाग पाडण्याच्या पद्धतीस सबनेटिंग म्हणतात. तिचे प्रमाण ऑगस्ट १९८५ मध्ये निश्चित झाले. १९२.१६८ ने सुरू होणारे पत्ते खासगी वापरासाठी राखून ठेवणारा, आजही लागू असलेला दस्तऐवज फेब्रुवारी १९९६ चा आहे.

समजा, काकतीतील एखाद्या पतसंस्थेकडे १९२.१६८.१०.० ते १९२.१६८.१०.२५५ असे २५६ पत्ते आहेत. रोखपाल, कार्यालय, कॅमेरे आणि ग्राहकांचे वायफाय वेगळे ठेवण्यासाठी त्यांचे चार समान भाग केले. मास्क २५५.२५५.२५५.१९२ झाला आणि शेवटच्या आकड्याच्या हद्दी ० ते ६३, ६४ ते १२७, १२८ ते १९१ आणि १९२ ते २५५ अशा ठरल्या. प्रत्येक भागातील पहिला पत्ता त्या सबनेटची ओळख असतो, तर शेवटचा सर्वांना एकाच वेळी हाक मारण्यासाठी असतो. हे दोन्ही गेटवेला देता येत नाहीत. उरलेल्या ६२ पैकी कोणताही चालतो. वेस गावाच्या शिवेतच हवी, एवढीच तांत्रिक अट आहे.

पहिला वापरण्याजोगा पत्ता घ्यावा की शेवटचा, हा केवळ रूढीचा प्रश्न आहे. पहिला घेतल्यास गेटवे १, ६५, १२९ आणि १९३ होतात. शेवटचा घेतल्यास ६२, १२६, १९० आणि २५४. तरीही पहिल्याच्या बाजूने एक सबळ कारण आहे. ० ते ६३ हा भाग पुढे ० ते १२७ असा वाढवला, किंवा उलट ० ते ३१ असा कमी केला, तरी १ हा पत्ता हद्दीच्या आतच आणि आरंभीच राहतो. ६२ मात्र पहिल्या वेळी मध्येच कुठेतरी पडतो आणि दुसऱ्या वेळी हद्दीबाहेर जातो. शेवटचा पत्ता पसंत करणाऱ्यांचेही म्हणणे पोकळ नाही. घरगुती वापराचे बरेच राउटर १९२.१६८.०.१ किंवा १९२.१६८.१.१ हा पत्ता घेऊनच येतात. कार्यालयाच्या जाळ्याचा गेटवेही तोच असेल आणि कुणी असा राउटर परस्पर जोडला, तर एकाच पत्त्यावर दोन दावेदार उभे राहतात. यावर अधिक चांगला उपाय म्हणजे ती दोन जाळीच टाळून दुसरी मालिका निवडणे. काहीही ठरवले तरी सर्व सबनेटना एकच नियम लावावा. बिघाडाच्या वेळी तंत्रज्ञाला वही उघडावी लागत नाही.

खरी अडचण विभागणीनंतर येते. तिसऱ्या भागातील संगणकावर जुना १९२.१६८.१०.१ हाच गेटवे राहिला, तर तो आता हद्दीबाहेर आहे. शेजारचा प्रिंटर चालतो, बाहेरचे सारे बंद पडते. हा दोष लगेच सापडतो. फसवा प्रकार निराळाच : गेटवे १२९ केला, पण मास्क जुना, २५५.२५५.२५५.० राहिला. मग इंटरनेट सुरळीत चालते, परंतु पहिल्या भागातील १९२.१६८.१०.२० या सर्व्हरवरील खातेवही उघडत नाही. त्या संगणकाच्या लेखी सर्व्हर शेजारीच आहे. म्हणून तो राउटरकडे न जाता थेट हाक मारतो आणि ती हाक भिंतीपलीकडे पोहोचत नाही. इंटरनेट चालू असल्याने संशय सर्व्हरवर जातो, रोखपालासमोर रांग वाढते आणि मास्ककडे कुणी पाहत नाही.

पत्ते आपोआप वाटणारी डीएचसीपी व्यवस्था असल्यास गेटवेचा पत्ता वाटपातून वगळावा, अन्यथा एखाद्या ग्राहकाचा मोबाइल त्यावर हक्क सांगेल.

एक राउटर बंद पडल्यास दुसऱ्याने काम उचलावे, अशी योजना असेल तर सामान्यतः तीन पत्ते राखले जातात : दोन राउटरांचे दोन आणि गेटवे म्हणून संगणकांना दिला जाणारा तिसरा, सामायिक. तो १ ठेवून राउटरांना २ आणि ३ देणे सोयीचे. याउलट दोन राउटरांना जोडणाऱ्या निव्वळ दुव्यासाठी एवढी ऐसपैस जागा लागत नाही. तिथे पूर्वी चार पत्त्यांचे सबनेट खर्ची पडे. डिसेंबर २००० च्या प्रमाणानुसार दोनच पत्ते पुरतात, आणि ते दोन्ही राउटरांना देता येतात.