लोखंडी धावेपासून हवेच्या धावेपर्यंत

परळीस आगगाडी जुनी. बीड शहरास मात्र तिचें दर्शन घडण्यास २०२५ साल उजाडावें लागलें. तोंवर बालाघाटाच्या कुशींतील ह्या जिल्ह्याचा बहुतेक व्यवहार रस्त्यावरील चाकांनींच चालविला. म्हणून चाकाचा इतिहास हा येथें लोकांच्या चरितार्थाचा इतिहास होय.

जुन्या बैलगाडीच्या लांकडी चाकास लोखंडी धाव असे. लोहारानें ती एकदां तापवून चढविली, म्हणजे पुष्कळ दिवस गाडीवानास तिची चिंता नसे. मात्र वाटेंतील प्रत्येक धक्का बैलांच्या मानेस सोसावा लागे. ह्यावरील उपाय दूर देशीं निघाला. १८४५ सालीं टॉमसन ह्यानें हवेच्या धावेचें पेटंट घेतलें, परंतु तें मागें पडलें. १८८८ सालीं बेलफास्ट येथील पशुवैद्य डनलॉप ह्यानें मुलाच्या तीनचाकी सायकलीसाठीं तीच युक्ति पुनः शोधली. आणि १८९५ सालीं मिशेलिन बंधूंनीं पॅरिस-बोर्दो शर्यतींत ती मोटारीस लावून दाखविली. बीड ज्या हैदराबाद संस्थानांत होतें, तेथें १९३२ सालीं निजामाच्या रेल्वेनें २७ बसगाड्या सुरू केल्या. पुढें सहकारी साखर कारखाने निघाले आणि जिल्ह्यांतील ऊसतोड कामगारांच्या हातीं टायरची बैलगाडी आली. तिच्यावर ऊस अधिक लादतां येऊं लागला.

परंतु ह्या सोयीबरोबर एक नवी जबाबदारीहि आली. भार रबर पेलीत नाहीं, आंतील हवा पेलते. आणि हवा हळूहळू निसटत असते. दाब उतरला कीं टायरच्या बाजू प्रत्येक फेऱ्यास अधिक दबतात, रबर व आंतील धागे तापून एकमेकांपासून सुटतात, आणि मोटार भरवेगांत असतां टायर फुटतो. उलट हवा जास्त झाली तर टायरचा मध्यभाग लवकर झिजतो व रस्त्यावरील पकड कमी होते.

उन्हाळ्यांत हवा कमी ठेवावी, हा पुष्कळांचा समज म्हणूनच घातक आहे. चालून तापलेल्या टायरचा दाब वाढलेला दिसतो. तेव्हां हवा सोडली, तर टायर गार झाल्यावर ती अपुरी ठरते. दाब पाहावयाचा तो सकाळीं, गाडी निघण्यापूर्वीं. साधारण मोटारीस दर चौरस इंचास ३० ते ३५ पौंड दाब लागतो. नेमका आंकडा बहुधा चालकाच्या दाराच्या चौकटीवर छापलेला असतो.

लोखंडी धावेची झीज डोळ्यांस दिसे. हवेची तूट सहसा दिसत नाहीं. म्हणून महिन्यांतून एकदां तरी, आणि लांबच्या प्रवासापूर्वीं अवश्य, ती मोजूनच पाहिली पाहिजे.