सेनानी आणि संत : चंबळच्या खोऱ्यातील एक सहप्रवास



इंदूरच्या जुन्या रहिवाशांना १९६० चा पावसाळा आठवत असेल. त्या वर्षी जुलैच्या अखेरीस विनोबा भावे पायी चालत या नगरीत आले आणि सुमारे महिनाभर येथे राहिले. त्या मुक्कामाचा विषय निघाला की अशोभनीय भित्तिचित्रांविरुद्धची मोहीम, सफाईचा कार्यक्रम, घरोघरीची सर्वोदयपात्रे आणि नवलखा भागात १५ ऑगस्टला स्थापन झालेला विसर्जन आश्रम यांचा उल्लेख हटकून होतो. त्या आधीच्या दोन महिन्यांकडे मात्र आपले दुर्लक्ष होते. विनोबा इंदूरला आले ते चंबळच्या बेहड्यांतून, आणि त्या बेहड्यांत त्यांना वाट करून दिली ती एका सेनापतीने. मेजर जनरल यदुनाथसिंह हे त्यांचे नाव. नौशेराच्या लढाईत परमवीरचक्र मिळविणारे नाईक जदुनाथसिंह ते हे नव्हेत. दोघांचाही पराक्रम १९४८ चा आणि जम्मू-काश्मीरमधलाच असल्यामुळे ही गल्लत वारंवार होते. आपले यदुनाथसिंह तेव्हा ब्रिगेडियर होते, त्या वर्षीच्या एप्रिलमध्ये राजौरी मुक्त करणाऱ्या ब्रिगेडचे नेतृत्व त्यांच्याकडे होते, आणि पुढे ते राष्ट्रपती राजेंद्रप्रसादांचे सैनिकी सचिव झाले.

ज्याने आयुष्यभर शस्त्र चालविले तो गृहस्थ, आणि ज्याने शस्त्राला कधी हात लावला नाही तो दुसरा, अशा दोघांना एकमेकांविषयी आदर कसा वाटू शकतो? महूची छावणी आपल्या उंबरठ्यावर आहे. या शाळेतून सैन्यात गेलेले विद्यार्थी आहेत आणि खादीव्रती शिक्षकांच्या हाताखाली शिकलेलेही आहेत. तेव्हा हा प्रश्न आपल्याला परका नाही. परंतु तो प्रथम ज्यांनी एका पंथाचा प्रश्न म्हणून शतकानुशतके सोसला, त्यांच्यापासून आरंभ करणे उचित होईल.

ते म्हणजे क्वेकर, अर्थात 'मित्रसमाज'. सतराव्या शतकाच्या मध्याला इंग्लंडमध्ये जॉर्ज फॉक्स यांच्या उपदेशातून हा पंथ उदयास आला. पुरोहित नाही, शपथ नाही, मौनात बसून केलेली प्रार्थना हीच उपासना. १६६१ च्या प्रारंभी त्यांनी राजा दुसरा चार्ल्स याला निवेदन सादर करून कोणत्याही कारणासाठी शस्त्र न उचलण्याची भूमिका जाहीर केली. या पंथाचे आपल्याशी नाते दूरचे नाही. १८६६ मध्ये रेचल मेटकाफ ही क्वेकर स्त्री भारतात आली, आणि पुढे नर्मदाकाठच्या होशंगाबादेत या मंडळींचे कार्य रुजले. आज त्या नगराचे नाव नर्मदापुरम आहे. जवळच्या रसूलियातील त्यांचे ग्रामीण केंद्र माळव्यातील आणि विदर्भातील गांधीमार्गी कार्यकर्त्यांना घरासारखे होते. तेथील डोनाल्ड ग्रूम हे इंग्रज क्वेकर पुढे भूदानयात्रेत विनोबांबरोबर चाललेही.

क्वेकरांचा इतिहास सांगताना त्यांच्या निग्रहाचाच गौरव होतो. माझ्या मते त्यांची खरी परीक्षा त्यांच्या आपसांतील मतभेदांत झाली. पहिल्या महायुद्धात सैन्यवयातील ब्रिटिश क्वेकर तरुणांपैकी सुमारे एकतृतीयांश तरुण सैन्यात दाखल झाले. काहींनी तुरुंगवास पत्करला. आणखी काहींनी १९१४ मध्ये रुग्णसेवेचे पथक उभारून आघाडीवर जखमींची ने-आण केली. या तिसऱ्या मार्गावर त्यांच्यातूनच आक्षेप आला. जखमी सैनिक बरा झाला की तो पुन्हा खंदकात जाणार. मग मलमपट्टी करणारा युद्धाला हातभार लावतो की नाही? या आक्षेपाचे समाधानकारक उत्तर कोणालाही देता आले नाही. तरीही प्रार्थनासभेत एकाच बाकावर गणवेशातील मुलगा आणि तुरुंगातून सुटलेला त्याचा भाऊ बसत असतील, तर त्या मौनाचे मोल मोठे आहे.

गांधीजींनी हाच पेच स्वतःच्या अंगावर घेतला होता. बोअर युद्धात १८९९ च्या अखेरीस त्यांनी सुमारे ११०० हिंदी लोकांचे रुग्णवाहक पथक उभे केले. पुढे आत्मकथेत त्यांनी निःसंकोच मान्य केले की जखमींची शुश्रूषा करणारादेखील युद्धाच्या दोषातून सुटत नाही. ही कबुली मला त्यांच्या अनेक प्रसिद्ध वचनांहून मोलाची वाटते. १९४२ मध्ये हॉरेस अलेक्झांडर यांच्याबरोबर क्वेकरांचे रुग्णसेवा पथक भारतात आले तेव्हा अंगावर खाकी गणवेश, राज्य इंग्रजांचे आणि देशात 'चले जाव'चा वणवा, अशी त्यांची अडचण होती. ते प्रथम सेवाग्रामला गेले, गांधीजींना भेटले, आणि मग मेदिनीपूरच्या वादळात व त्यानंतर बंगालच्या दुष्काळात राबले.

सैनिकांनीही गांधीजींपुढे आपली बाजू मांडली. १९४७ च्या अखेरीस जनरल करिअप्पांनी लंडनमध्ये असे प्रतिपादन केले की तत्कालीन परिस्थितीत अहिंसा भारताच्या उपयोगाची नाही. गांधीजींनी 'हरिजन'मधून त्याचा स्पष्ट शब्दांत समाचार घेतला. त्यानंतर करिअप्पा रुसून बसले नाहीत. ते स्वतः गांधीजींच्या भेटीस गेले आणि सैन्याचे कर्तव्य न सोडता जवानांना अहिंसेची शिकवण कशी द्यावी, असे त्यांनाच विचारले. गांधीजींपाशी तयार उत्तर नव्हते, आणि तसे सांगण्यात त्यांना कमीपणा वाटला नाही.

आता चंबळकडे वळू. मानसिंह या प्रसिद्ध बागीचा मुलगा तहसीलदारसिंह नैनीच्या तुरुंगात फाशीची वाट पाहत होता. त्याने विनोबांना पत्र लिहून भेटीची इच्छा कळविली. विनोबा तेव्हा, म्हणजे १९५९ मध्ये, काश्मीरच्या पदयात्रेत होते आणि यदुनाथसिंह त्यांच्यासोबत होते. विनोबांनी त्यांनाच नैनीला पाठविले. तहसीलदारसिंहाने आपल्या प्राणांची भीक मागण्याऐवजी विनोबांनी बेहड्यांत येऊन आपल्या साथीदारांना मार्ग दाखवावा, अशी विनंती केली. मग यदुनाथसिंहांनी राज्य सरकारांशी बोलणी केली आणि ते बागींच्या भेटीसाठी निःशस्त्र बेहड्यांत शिरले. मे १९६० मध्ये विनोबांची यात्रा आग्रा, भिंड आणि मुरैना या मुलखातून गेली, आणि २० बागींनी शस्त्रे खाली ठेवली. त्यांत दुर्बिणीची रायफल बाळगणारा लोकमन ऊर्फ लुक्का होता. माफीचे आश्वासन कोणालाही नव्हते. पुढे खटले चालले आणि शिक्षाही झाल्या.

सर्वोदयी लेखनात या प्रसंगाचे वर्णन करताना यदुनाथसिंहांना जणू सेनापतीपद टाकून साधू झालेला पुरुष म्हणून रंगविण्याची प्रथा पडली आहे. हा त्यांच्यावर अन्याय आहे असे मला वाटते. ते उपयोगी पडले ते सैनिक म्हणूनच. भिंड-मुरैना हा सैन्यभरतीचा जुना मुलूख. एका घरातून एक भाऊ पलटणीत जावा आणि दुसरा वैरापायी बेहड्यात उतरावा, अशी तेथील रीत. त्या लोकांना संताचे प्रवचन ऐकायचे होते हे खरे. पण दिलेला शब्द पाळला जाईल की नाही, हे ते सेनापतीच्या चेहऱ्यावर पाहत होते. विनोबांनी हे ओळखले. त्यांनी यदुनाथसिंहांकडून शस्त्राच्या निषेधाचे जाहीर निवेदन मागितले नाही. यदुनाथसिंहांनीही विनोबांना राजौरीचा हिशेब दिला नाही.

या कथेला दुसरी बाजू आहे, आणि ती गाळणे म्हणजे इतिहासाशी प्रतारणा होईल. मध्यप्रदेशचे तत्कालीन पोलीस महानिरीक्षक खुस्रो फरामर्झ रुस्तमजी यांनी या मोहिमेवर उघड टीका केली. नागपूरजवळच्या कामठीत जन्मलेला हा अधिकारी काही क्रूर गृहस्थ नव्हता. पुढे सीमा सुरक्षा दलाची उभारणी करणाऱ्या याच रुस्तमजींच्या लेखनामुळे खटल्याविना तुरुंगात कुजणाऱ्या कैद्यांचा प्रश्न १९७९ मध्ये सर्वोच्च न्यायालयापुढे आला. १९६० मध्ये त्यांच्यापुढे प्रश्न होता तो आपल्या शिपायांचा. बेहड्यांत जे शिपाई मारले गेले त्यांच्या विधवांनी बागींच्या गळ्यातील हारांकडे कोणत्या डोळ्यांनी पाहावे? विनोबांच्या अनुयायांपैकी अनेकांनी ही टीका नोकरशाहीचा मत्सर म्हणून झटकून टाकली. ती तशी झटकण्याजोगी नव्हती. यदुनाथसिंहांना जो आदर मिळाला तो साध्या शिपायाच्या वाट्याला आला नाही, आणि या प्रकरणातील हे उणे मला आजही बोचते.

चंबळहून विनोबा इंदूरला आले ते या शहराला 'सर्वोदयनगर' करण्याचे स्वप्न घेऊन. दर ५००० वस्तीमागे एक शांतिसैनिक, असे त्यांचे गणित होते. इंदूरची लोकसंख्या तेव्हा चार लाखांच्या आतबाहेर होती. म्हणजे ८० माणसे पुरली असती. आपल्या संघटनेला त्यांनी 'सेना' म्हटले, तिच्यात शिस्त मागितली, प्राणार्पणाची तयारी मागितली. सैनिकाकडून घेण्यासारखे जे होते ते त्यांनी खुल्या मनाने घेतले.

१९६२ च्या चिनी आक्रमणानंतर हा परस्परादर टिकवणे अवघड झाले. शंकरराव देव यांच्या नेतृत्वाखाली १ मार्च १९६३ रोजी राजघाटावरून दिल्ली-पेकिंग मैत्रीयात्रा निघाली. जवानांच्या चिता थंड होण्यापूर्वी शत्रूकडे मैत्रीची पदयात्रा काढणे पुष्कळांना संतापजनक वाटले आणि ठिकठिकाणी यात्रेकरूंना विरोध झाला. चीननेही प्रवेश नाकारल्यामुळे यात्रा भारताच्या हद्दीतच संपली.

पुढच्याच वर्षी, सप्टेंबर १९६४ मध्ये, नागभूमीत युद्धविराम झाला. त्याच्या पालनावर देखरेख करणाऱ्या निरीक्षकांत मार्जरी साइक्स होत्या. या क्वेकर विदुषीने शांतिनिकेतन आणि सेवाग्राम येथे अध्यापन केले होते, आणि उतारवयात त्या रसूलियाला राहिल्या. नागभूमीतील कामासाठी त्यांना दोन्ही बाजूंच्या सशस्त्र माणसांसमोर बसावे लागे. गोळीबाराची तक्रार आली की ती भारतीय सैन्याच्या अधिकाऱ्याकडूनही ऐकायची आणि नागा सैनिकाकडूनही. मग डोंगरवाट चढून त्या गावी जायचे, काय घडले ते विचारायचे आणि दोघांनाही सारखेच सांगायचे. हे काम त्यांनी १९६७ पर्यंत केले.