फातिमा शेख यांना शोधताना: गूगल साक्षीदार नसतो

जानेवारी २०२५मध्ये पत्रकार दिलीप मंडल यांनी ‘एक्स’वर लिहिलं की, फातिमा शेख नावाची कुणी व्यक्ती नव्हतीच, ते पात्र आपणच रचलं. मग समाजमाध्यमांवर व्हायचा तो गदारोळ झाला. एक बाजू म्हणत होती, इंटरनेटवरचा जुना पुरावा दाखवा. दुसरी म्हणत होती, गूगलनंच त्यांचं डूडल केलं होतं की! डूडल खरंच होतं, ९ जानेवारी २०२२चं, १९१व्या जयंतीचं. पण यात एक गंमत आहे. दोन्ही बाजूंनी गूगललाच साक्षीला बोलावलं होतं.

गूगल साक्षीदार नाही. जे कुणी ऑनलाइन चढवलंय आणि जे संगणकाला वाचता येतंय, तेवढंच ते समोर ठेवतं. भारतात सर्वसामान्यांना इंटरनेट मिळालं १५ ऑगस्ट १९९५ रोजी. त्यानंतरही बरीच वर्षं मराठी मजकूर श्रीलिपीसारख्या जुन्या फॉन्टमध्ये टाइप होत असे. पडद्यावर तो मराठी दिसे, पण संगणकाच्या लेखी ती वेगळीच चिन्हं असत. आज युनिकोडमध्ये शोधलं तर तो मजकूर सापडत नाही. स्कॅन करून ठेवलेल्या जुन्या पुस्तकांची पानं तर अनेकदा नुसती चित्रं असतात. त्यामुळे ‘शोधलं, मिळालं नाही’ याचा अर्थ ‘नव्हतंच’ असा होत नाही. मराठीत तर मुळीच होत नाही.

मग फातिमा यांचं नाव कुठं आहे? महाराष्ट्र राज्य साहित्य आणि संस्कृती मंडळानं १९८८मध्ये ‘सावित्रीबाई फुले समग्र वाङ्मय’ प्रसिद्ध केलं. संपादक होते डॉ. मा. गो. माळी. त्यात सावित्रीबाईंनी जोतीरावांना लिहिलेली पत्रं आहेत. त्यातलं १० ऑक्टोबर १८५६चं पत्र त्यांनी आजारपणात माहेरी, नायगावला असताना लिहिलं आहे. आपल्या गैरहजेरीत फातिमावर कामाचा भार पडत असेल, पण ती तक्रार करणार नाही, अशा आशयाचा उल्लेख त्यात येतो. म्हणजे भारतात सामान्य माणसाला इंटरनेट मिळण्याच्या सात वर्षं आधी हे नाव सरकारी मंडळाच्या पुस्तकात छापलेलं होतं. ‘मी रचलं’ या दाव्याला एवढं उत्तर पुरेसं आहे.

पण इथंच थांबलो तर आपणही अर्धंच वाचलं असं होईल. त्या पत्रात फक्त ‘फातिमा’ आहे. ‘शेख’ हे आडनाव नाही, जन्मतारीख नाही, भाऊ उस्मान शेख नाहीत. या गोष्टी पुढच्या लेखनातून आपल्यापर्यंत आल्या आहेत. त्या प्रत्येकीचा हवाला वेगळा तपासावा लागतो. ‘९ जानेवारी १८३१’ टाकून शोधा, पानांमागून पानं येतील. मात्र एका पानाचा आधार दुसरं पान, दुसऱ्याचा तिसरं, आणि शेवटी सगळ्यांचं बोट डूडलकडे, असं अनेकदा दिसतं. शंभर ठिकाणी छापलेली नक्कल म्हणजे शंभर पुरावे नव्हेत. तो एकच दावा असतो, शंभरदा उतरवलेला.

शोधायचं कसं, तर काही साध्या सवयी आहेत. नाव अवतरण चिन्हांत टाकावं, म्हणजे नेमके तेच शब्द शोधले जातात. फातिमा, फातीमा, फातमा अशी सगळी रूपं आणि इंग्रजी स्पेलिंगही टाकून पाहावं. फक्त नावावर थांबू नये, सोबत पत्राची तारीख, गावाचं नाव, संपादकाचं नाव टाकावं. विकिपीडियाचा लेख वाचून झाल्यावर तळटिपा उघडाव्यात. ‘इतिहास’ हा टॅबही पाहावा, कोणतं वाक्य कधी घातलं गेलं ते तिथं कळतं. फोटो असेल तर तोच फोटो टाकून उलटा शोध घ्यावा आणि तो सर्वांत आधी कुठं छापला होता हे विचारावं. पुसलेली पानं अनेकदा ‘इंटरनेट अर्काइव्ह’वर मिळतात. साहित्य संस्कृती मंडळाच्या संकेतस्थळावर कितीतरी मराठी ग्रंथ मोफत आहेत. तिथं सर्च चाललं नाही तर अनुक्रमणिका उघडून पानं चाळावीत. वेळ जातो, पण त्याला इलाज नाही.

हा खटाटोप कशासाठी? मुलींच्या शिक्षणाची बाजू मांडताना, फुले दांपत्याच्या कामातला मुस्लीम सहभाग सांगताना आपण हे नाव अभिमानानं घेतो. त्या अभिमानाच्या भरात दरवर्षी एखादा नवा तपशील चिकटतो: कुठली पदवी, कुठला संवाद, कुठला रंगवलेला फोटो. त्यातला एक खोटा निघाला की नाकारणाऱ्याला सगळंच खोटं म्हणायला वाव मिळतो. बिनबुडाची स्तुती अशी विरोधकाच्याच कामी येते.

आजारी सावित्रीबाईंना नायगावहून पुण्यातल्या कामाची काळजी वाटते आणि त्याच वेळी आपल्या सहकारी बाईवर त्यांचा भरवसा आहे. एका पत्रातला एवढाच उल्लेख, पण तो ठाम आहे. येत्या ९ जानेवारीला संदेश पुढे ढकलण्याआधी ते पत्र तरी एकदा वाचावं. आणि संदेशात तारखेपेक्षा पत्राचा, पुस्तकाचा आणि संपादकाचा उल्लेख करावा. विचारणाऱ्याला मग गूगलकडे नव्हे, पुस्तकाच्या पानाकडे पाठवता येईल.